तातडीचा अर्ज

मयत: हरेश्वर तांडेल, वय अठ्ठेचाळीस, टंकलेखक, राहणार अर्नाळा. मृत्यूचे ठिकाण: राहते घर, पालथ्या अवस्थेत. साक्षीदार: पत्नी सुमन. बातमी आली तेव्हा प्रस्तुत अर्जलेखक माणिकपूरला, आम्हा दोघांच्या सामाईक टेबलावर, एका वारसनोंदीचा मजकूर लिहीत होता... तो पूर्ण करूनच उठला.

मी सातवी उत्तीर्ण; तथापि माझा अर्ज त्रुटीसाठी परत आल्याचे उदाहरण नाही. मी सांगावे, हरेश्वरने टंकावे, असे एकोणीस वर्षे चालले. “मास्तर, तुमचं एक वाक्य संपेपर्यंत भरती येऊन जाते,” असे तो म्हणे. पुढे त्याला बसवेना. कोणी नस म्हणाले, कोणी मूळव्याध. तो मध्ये भोक असलेल्या रबरी गादीवर बसू लागला, तेव्हा “सिंहासन मिळाले की!” असे मीच हसलो होतो. अखेर मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात कण्याच्या शेवटच्या हाडात गाठ दिसली. कॉर्डोमाचा संशय, म्हणजे हाडाचा कर्करोग, क्वचित कोणाला होणारा. तेथील डॉक्टरांनी बजावले, “सुईने तुकडा आम्हीच घेणार, मग गाठ अखंड काढणार. तोवर कोणालाही चिरू देऊ नका. फुटली तर पेशी सांडतील.” तसे लिहूनही दिले. तारीख मात्र तीन आठवड्यांनंतरची.

हरेश्वर आता उभ्यानेच टंकत होता, ओठ दाबून. मी वसईतील एका धर्मादाय रुग्णालयास तातडीचा अर्ज सांगितला: ‘पाठीवरील गाठ विनाविलंब काढण्यात यावी.’

“मुंबईचा कागद जोडायचा ना?”

“हरेश्वरा, दुसरीकडचा कागद जोडला की साहेब म्हणतो, प्रकरण तिकडे प्रलंबित आहे. तोंडानेही बोलू नकोस. आण तो इकडे.”

“पन डॉक्टरनी नको सांगितलंय...”

“माझा अर्ज कधी परत आलाय?”

त्याने टंकले. जोडपत्रे: निरंक.

चौथ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. साधी गाठ समजून ती तुकड्यातुकड्यांनी काढली. मी टेबलावर पेढे वाटले. पुढे काढलेल्या तुकड्यांच्या तपासणीचा अहवाल आला, कॉर्डोमाच; तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी जखम पाहून एवढेच विचारले, “घाई कोणाला होती?”

हरेश्वर माझ्याकडे न पाहता म्हणाला, “मलाच.”

गाठ पुन्हा उगवली, एकीच्या तीन झाल्या. पाय गेले, लघवीचे भान गेले. भेटीस गेलो की तो भिंतीकडे तोंड करून विचारी, “अर्ज किती झाले आज?”

गेल्या आठवड्यात सुमनवहिनी टेबलावर आल्या. त्याची गादी अजून स्टुलावरच आहे. त्या उभ्याच राहिल्या. “मास्तर, त्या वसईच्या डॉक्टरवर तक्रार लिवा. तुमचा अर्ज परत येत नाय, ते म्हनायचे.” मी ‘गैरअर्जदार’, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार तो, इतके लिहिले... आणि पुढे नाव लिहिता आले नाही.

सबब, वहिनी, तक्रार त्या शब्दापुढे लिहिलेली नाही; तो अर्धा कागद सोबत आहे. मुंबईचा तो कागद आजवर माझ्याच खणात होता. तो व तातडीच्या अर्जाची कार्बन प्रत आपल्या घरी पाठवीत आहे. जोडपत्रे: दोन. वाचून गैरअर्जदाराचे नाव आपण स्वतःच्या हाताने भरावे व तो अर्धा कागद माझ्याकडे परत पाठवावा, ही विनंती.