हद्दीपलीकडच्या तीन तारा

माझ्या थोरल्या भावाशी माझं वाकडं होतं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी साळसूद वाटणार नाही. भिवंडीजवळ काल्हेरच्या बाजूला गोदामं उठायला लागली तशी आमच्या घरची जमीन वाटली गेली. रस्त्याकडची बाजू त्याला गेली, मागची मला. गावच्या चार जाणत्या माणसांनी चुन्याची रेघ मारली, कोपऱ्यांवर दगड रोवले आणि चहा पिऊन निघून गेले. गोदामवाल्यांना रस्त्याला लागून जागा हवी असते, मागच्या तुकड्याकडे कुत्रंही फिरकत नाही. हे त्या चौघांना कळत होतं आणि माझ्या भावालाही. तेव्हापासून दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. हाकेच्या अंतरावर दारं, पण निरोप बायकांच्या तोंडून जायचे.

मी भिवंडीत मोटारींचं वाइंडिंग करायचो. पॉवरलूमच्या जळालेल्या मोटारी यायच्या, त्यांची जुनी तार उपसून नवी भरायची. त्या कामातूनच हौशी रेडिओचा नाद लागला. परीक्षा देऊन सरकारी परवाना काढला, एक जुना सेट मिळवला आणि आंब्याला तार बांधून लांबलांबच्या हौशी लोकांशी बोलायला लागलो. बोलायला कसलं, ओरडायला. आजूबाजूच्या लूमची खरखर सेटमध्ये एवढी भरायची की पलीकडचा माणूस त्यात बुडून जायचा. लाइट गेली की मात्र सगळं शांत. सारी भिवंडी भारनियमनाला शिव्या घालायची आणि मी ट्रकची बॅटरी जोडून त्याची वाट बघत बसायचो. लोक मला येडा म्हणायचे. मीही त्यांना मनातल्या मनात बरंच काही म्हणायचो.

आंब्यावरच्या तारेचं लांब ऐकू जाईना, म्हणून उभी अँटेना लावायचं ठरवलं. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या एकात एक बसवून साधारण दहा मीटरचा खांब. पण नुसता खांब उभा करून भागत नाही. त्याच्या बुडापासून चहूबाजूंनी, चाकाच्या आऱ्यांसारख्या, जमिनीत तारा पुराव्या लागतात. त्यांना रेडियल म्हणतात. तांब्याच्या तारेला मला तोटा नव्हता. सोळा तारा टाकायच्या ठरवल्या, प्रत्येक खांबाएवढी लांब.

तेरा तारा माझ्या जागेत बसल्या. भावाच्या बाजूला जागा कमी पडत होती. उरलेल्या तीन तारा सरळ टाकल्या तर चुन्याच्या रेघेपलीकडे दहा-बारा फूट जाणार होत्या. माझ्याकडच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं, जागा नसेल तर तार वळवा, फारसा फरक पडत नाही. ते पान मी दोनदा वाचलं होतं.

तुळशीचं लग्न होऊन लग्नसराई सुरू झाली होती. भात कापून झालं होतं, जमीन अजून ओलसर होती. भाऊ बायकामुलांसकट कोन गावात हळदीला गेला. आमच्याकडची हळद म्हणजे दिवसभराची निश्चिंती. मी पहारीने त्याच्या जागेत तीन चिरा पाडल्या, तारा आत दाबल्या, वरून पायाने माती बसवली आणि वहिनी जिथे बोंबील वाळत घालायची तिथला पेंढा होता तसा पसरून ठेवला. कामाचा हात सफाईदार आहे माझा. संध्याकाळी तो आला, त्यावरून चालत घरात गेला आणि मला आतल्या आत आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

चार दिवसांनी खांब उभा करायला घेतला. तीन बाजूंनी नायलॉनच्या दोऱ्यांचे ताण द्यायचे होते. दोन दोऱ्या खुंट्यांना बांधल्या, तिसरी बायकोच्या हातात दिली आणि खांब उचलला. तो सरळ माझ्याच कौलांकडे कलायला लागला. बायकोला दोरी आवरेना. मी खांबाला मिठी मारून उभा, सोडताही येईना. तेवढ्यात भाऊ बनियनवरच धावत आला. त्याने तिच्या हातून दोरी घेतली आणि ती ताणत ताणत मागे सरकत आपल्या जागेत गेला. मी खाली ठोकळा बसवला, खुंट्या ठोकल्या, दोन्ही ताण सारखे केले. त्याला पाऊण तास लागला. तेवढा वेळ तो तिथेच पाय रोवून उभा होता. मग त्याने मान वर करून खांबाकडे पाहिलं.

"सरल हाय," तो म्हणाला.

दोन वर्षांनंतरचे ते पहिले शब्द. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मी त्याच्या पायांकडे पाहिलं आणि चहा घेणार का, असं विचारलं.

त्यानंतर तो येऊ लागला. सकाळी लाइट गेली की माझ्या ओटीवर बसायचा आणि आज कोण लागला, म्हणून विचारायचा. मी त्याला केरळातल्या एका निवृत्त मास्तरांचा आवाज ऐकवायचो. ते माझे रोजचे होते. त्याला इंग्रजी कळत नव्हतं, पण एवढ्या लांबचा माणूस ना ओळख ना काम, तरी बोलतो कसा, याचं त्याला नवल वाटायचं. मीही भावाशी बोलायचो. मनातला राग मात्र होता तसाच होता, फक्त आता तो त्याच्याशेजारी बसून चहा प्यायचा.

मग भावाला गोदामासाठी पार्टी मिळाली. तो त्यासाठी किती दिवस खेटे घालत होता, हे मला ओटीवरच कळलं होतं. त्याच्या मुलाचं सगळं त्यावर ठरणार होतं. पार्टीने कुंपणाच्या भिंतीसाठी जेसीबी लावला आणि रेघेच्या कडेने चर खणायला घेतला. पहिल्याच फेऱ्यात तांब्याची तार दातांना अडकून वर आली. पुढे दुसरी, मग तिसरी. पार्टीच्या माणसाने काम थांबवलं. आमच्या पट्ट्यात दुसऱ्याच्या जमिनीत काही पुरलेलं सापडलं की त्याचा एकच अर्थ काढतात: कोणीतरी हक्क सांगणार आहे. मी धावत जाऊन त्याला रेडिओ समजावून सांगायला लागलो. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"पहले भाई-भाई का मैटर सुलझाओ," तो भावाला म्हणाला, आणि आठवड्याच्या आत त्याने पूर्णा गावाच्या बाजूला दुसरी जागा धरली.

भाऊ चराच्या काठावर उभा होता. त्याने तारेचं टोक हातात घेतलं होतं. आरडाओरडा करील, अंगावर येईल, असं मला वाटलं. मी त्याची तयारीही केली होती, पुढे करायला परवानासुद्धा खिशात घातला होता.

"मी दोरी धरून उभा व्हतो, तवा या माज्या पायाखालीच व्हत्या ना?" त्याने विचारलं.

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिन्ही तारा बरोबर रेघेवर पकडीने तोडल्या, आपल्या बाजूचे तुकडे उपसून गुंडाळले आणि माझ्या ओटीवर आणून टाकले. माझ्या बाजूला त्याने बोट लावलं नाही. त्याच दिवशी लाइट गेल्यावर मी केरळच्या मास्तरांना हाक मारली आणि आज माझा आवाज कसा येतोय, म्हणून विचारलं. ते म्हणाले, रोजच्यासारखाच. मी पुन्हा विचारलं. ते हसले आणि म्हणाले, काडीचाही फरक नाही.

मी सेट बंद केला आणि सरळ भावाच्या दारात गेलो. माफी मागायची म्हणून गेलो असं म्हणायला मला आवडेल, पण माफी मागायची सवय आमच्या घरात कोणालाच नव्हती. मी नुसतं सांगितलं की तारा तोडल्याने काही अडलं नाही, त्या नसत्या तरी चाललं असतं. हे ऐकून त्याला बरं वाटेल असं मला का वाटलं, देव जाणे.

तो उंबऱ्यात बसला होता. त्याने वर पाहिलं.

"मंग टाकल्यास कनाला?"

तुझ्या जागेत जात होत्या म्हणून, हे उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. ते गिळून मी घरी आलो. भाऊ त्यानंतर माझ्याशी कधी बोलला नाही.