तोट्यातली बस

परवा नव्या, गारेगार सिटी बसमध्ये शेजारच्या बाईनं डबा उघडला आणि कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीचा खमंग वास पसरला. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

माझी आई दर मंगळवारी असाच डबा मांडीवर घेऊन जरीपटक्याहून शहराच्या दुसऱ्या टोकाला, मनीषनगरला जायची, अंथरुणाला खिळलेल्या मावशीकडे. परतली की तिच्या पातळाला सांबारवडीचा आणि बसच्या तापलेल्या रेक्झिनचा वास यायचा.

एका मंगळवारी बसस्टॉपवर नगरसेवक आले होते. ही बस बंद होणार, असं त्यांनी सांगितलं. आई पुढे झाली.

"काहून बंद करून राहिले, भाऊ?"

"तोट्यात चालते, बाई. महापालिका किती दिवस पैसे टाकणार?"

"तोट्यात कशी गा? मी तं दरवेळी तिकीट काढतो!" तिनं कमरेच्या पिशवीतून चुरगळलेलं तिकीट काढून त्यांच्यासमोर धरलं. "हे पाहा."

सगळे हसले. आपल्यावर फुकट प्रवासाचा आळ आलाय, असंच आईला वाटलं होतं. तिला कोणी समजावून सांगितलं नाही. आज वाटतं, काय सांगणार होते? तिनं तर तिच्या वाटचं दिलंच होतं.

बस बंद झाली आणि मंगळवार विरळ होत गेले. मावशी गेल्याचा निरोप आला, तेव्हा दोन ऑटो बदलून आम्ही पोचेपर्यंत तिला घाटावर नेलं होतं. रिकाम्या खाटेवरून हात फिरवत आई मला म्हणाली,

"मी तं तिकीट काढलं होतं ना वं?"