दुसरं बोलावणं

आमच्या ह्यांचा एक नियम होता: पहिल्या बोलावण्याला हो म्हणायचं नाही. एकदा विचारतात तो उपचार, दुसऱ्यांदा विचारतात ते खरं आमंत्रण. उभा जन्म अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडमध्ये काढला, इथल्याच ऑइल कंपनीतून रिटायर झाले, पण साताऱ्याचा हा हट्ट काही सुटला नाही. त्यापायी शेजाऱ्यांच्या किती बार्बेक्यूंना आम्ही मुकलो, ते न बोललेलंच बरं.

मुलगा नोकरीसाठी कॅलिफोर्नियात सांता क्लाराला गेल्यावर वरची खोली आम्ही युनिव्हर्सिटीत शिकायला आलेल्या एका व्हिएतनामी मुलीला दिली. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, तुम्हाला काय म्हणू? काका-काकू म्हण, मी म्हटलं. तिचा चेहरा खुलला. त्यांच्याकडेही मोठ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत म्हणे, काहीतरी नातं लावतातच. मुलाचे इथले मित्र ह्यांना सरळ नावानं हाक मारायचे आणि ह्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. त्यामुळे ही पोर एकदम लाडकी झाली. रविवारी सकाळी बंद बँकेच्या पार्किंग लॉटमध्ये हे तिला गाडी शिकवायचे. मला शिकवताना आकाशपाताळ एक केलेला हा माणूस तिला म्हणायचा, "सावकाश बाळा, घाई नाही."

सेमिस्टर सुरू झालं तशी तिथल्या व्हिएतनामी विद्यार्थ्यांनी नव्या मुलांसाठी वेलकम पार्टी ठेवली. ती जेवणाच्या टेबलाशी येऊन म्हणाली, "काका, शनिवारी पार्टी आहे. तुम्ही आणि काकू याल?"

"अगं, तुम्हा पोरांत आम्ही म्हातारे कशाला?" हे म्हणाले.

ती "ओके" म्हणून वर गेली.

"अहो, एवढ्या प्रेमानं बोलावलंय, हो म्हणायला काय जात होतं?" मी म्हटलं.

"विचारेल परत."

शनिवारी दुपारी ह्यांनी दाढी केली, निळ्या शर्टाला स्वतः इस्त्री केली आणि पेपर उघडून सोफ्यावर बसले. ती लांब रेशमी झगा घालून खाली आली. शर्टाकडे बघून म्हणाली, "काका, छान दिसताय." हे म्हणाले, "सहजच घातला." मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझ्याकडे डोळे वटारले. ती दारात जराशी घुटमळली. मग बाहेर मैत्रिणीच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि ती गेली.

संध्याकाळभर ह्यांनी तो शर्ट काढला नाही. पिठलं-भात वाढला तर भूक नाही म्हणाले. मला असा राग आला होता की मीही आग्रह केला नाही.

त्या पार्टीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही, ना तिनं, ना ह्यांनी. दोघंही मानी. गाडी शिकवणं चालू राहिलं, तिला लायसन्स मिळालं. मागच्या हिवाळ्यात हे हार्टनं गेले. तेरावा झाला त्या दिवशी भांडी पुसता पुसता ती सगळं बोलली. त्या पार्टीत नव्या मुलांचे आईवडील व्हिडिओ कॉलवर येतात, आणि इथे ज्यांनी आपल्याला घरात घेतलं त्यांची ओळख मुलं आपल्या आईवडिलांशी करून देतात. तिचे वडील तिकडे व्हिएतनाममध्ये पहाटे उठून, कोट चढवून फोनसमोर बसले होते. तिनं दोन खुर्च्या धरून ठेवल्या होत्या.

"मग परत विचारायचं नाही का गं?"

"ओरिएंटेशनला सांगितलं होतं, इथे कुणी नको म्हटलं तर पुन्हा विचारू नका, ते वाईट दिसतं," ती म्हणाली. "आमच्या घरी तर आई तीन-तीनदा विचारते. पण मला वाटलं, काका आता अमेरिकन आहेत."

मला हसावं की रडावं कळेना. शेवटी रडलेच.

ह्या वर्षी पार्टीची सगळी व्यवस्था तिच्याकडे होती. तिनं विचारलं आणि मी पहिल्या झटक्यात हो म्हटलं. हॉलमध्ये भाताचा आणि तळणीचा वास, पोरांचा गलका. तिनं मला पुढच्या रांगेत बसवलं आणि फोन माझ्यासमोर धरला. फोनवर तिचे वडील होते, ह्यांच्याच वयाचे, कोट घातलेले. त्यांनी ह्यांच्याबद्दल दुःख व्यक्त केलं. मग काहीतरी म्हणाले, ते तिनं मला सांगितलं. "बाबा म्हणतात, काकू, एकदा आमच्या घरी या."

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कशाला उगाच तुम्हाला त्रास?"

तिनं ते त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि लगेच, त्याच शब्दांत, परत विचारलं.

हे असते तर लगेच हो म्हणाले असते.