आत्याबाईंनी सांगितलं, मी लिहिलं

रत्नागिरीहून तीन कोसांवर, खाडीच्या तोंडाशी आमची वाडी. लग्न होऊन तिथे आले तेव्हा मी सोळा वर्षांची होते. माझे वडील शहरात शाळेचे शिपाई, त्यामुळे मी मुलींच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले होते. सासरी त्याचं कुणाला काही नव्हतं. नवरा आगबोटीवर खलाशी, वर्षातून एकदा यायचा. घरात सासू, होडीवर मासेमारी करणारे सासरे आणि सासऱ्यांची थोरली बहीण. या आत्याबाई तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतलेल्या. मासळीची टोपली डोक्यावर घेऊन त्या रत्नागिरीच्या बाजारात चालत जायच्या, विकून परत यायच्या. त्यांच्या तोंडाला सगळी वाडी टरकून असे.

एका दुपारी त्या शेजारून तणतणत आल्या. शेजारच्या म्हातारीला अर्धांगवायू झाला होता, तिची वाचा गेली होती.

"दूध पाजतायत तिला, दूध!" त्या ओरडल्या. "जन्मात तिनं दूध तोंडाला लावलं नाही. वासानं मळमळायचं तिला. ती बिचारी मान फिरवते, तर सुना म्हणतात म्हातारी हट्ट करते. मी गेले म्हणून कळलं. नसते गेले तर?"

मग एकदम त्यांची नजर माझ्यावर आली. "तुला लिहायला येतं ना गो? माझं लिहून घे. उद्या माझी जीभ गेली तर या घराला काय कळणार आहे?"

सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. "असं अभद्र बोलू नये, वन्सं."

"त्यात अभद्र काय? गलबत निघायच्या आधी शीड तपासतात, ते काय बुडणार म्हणून?"

पुढच्या बाजाराला त्यांनी रेघांची वही आणि पेन्सिल आणली. लग्नानंतर मी पहिल्यांदाच पेन्सिल हातात धरत होते. भांडी घासून झाली की आम्ही पडवीत बसायचो. पहिल्या दिवशी 'श्री' वेडावाकडा आला.

"लिही," त्या म्हणाल्या. "मी मुकी झाले तरी माझी अक्कल गेली असं कुणी समजू नये."

मला हसू फुटलं.

"हसतेस काय? लिही."

मग त्या सांगत सुटल्या. उजव्या कानानं कमी ऐकू येतं, बोलायचं ते डावीकडे बसून. टोपली वाहून मान धरली आहे, उशी उंच नको. पेज कढत हवी, कोमट दिली तर थुंकून टाकीन. अंग पुसायला सून चालेल, भावजय नको, ती खवले काढल्यासारखी घासते.

हे शेवटचं लिहू की नको म्हणून मी थबकले. सासूबाई आत चुलीपाशीच होत्या.

"लिही, लिही. खरं तेच आहे."

एवढं सांगून भागणार नव्हतं. होड्या लांब असल्या आणि आवाज पोचत नसला की किनाऱ्यावरच्या बायका हातांनी बोलत. त्याच खुणा त्यांनी ठरवून दिल्या. पंजा वर म्हणजे हो. पालथा हात हलवला म्हणजे नाही. मूठ म्हणजे थांब, मला काही सांगायचंय. शेवटच्या दिवशी मात्र त्या आवाज उतरवून म्हणाल्या, "मला आतल्या काळोख्या खोलीत ठेवू नका. होड्या लागतात तेव्हा खाली वाळूत न्या. कशीही न्या, पण न्या."

जवळजवळ वर्ष गेलं. शिमगा होऊन गेला आणि एका दुपारी आत्याबाई अंगणात कोसळल्या. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. शहरातून डॉक्टर आले. धोका टळलाय, पण बोलणं येईल की नाही सांगता येत नाही, असं म्हणून गेले.

त्यांना नेमकं आतल्या खोलीतच निजवलं होतं. डोक्याखाली दोन उश्या. कुणी उजव्या कानाशी ओरडत होतं, कुणी कोमट पेज ओठांना लावत होतं. आत्याबाई डावा हात पालथा करून हलवत होत्या.

"उकडतंय वाटतं. वारा घाला," एक पाहुणी म्हणाली.

उकडत नव्हतं त्यांना! 'नाही' म्हणत होत्या त्या! ती किनाऱ्यावरचीच खूण होती, पण अंथरुणातून त्या ती करतील हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. मी धावत जाऊन पेटीतून वही आणली. सासऱ्यांसमोर मी तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं.

"मामंजी, आत्याबाईंनी सगळं सांगून ठेवलंय. वाचू?"

"हे काय नवीन?" सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी बहिणीकडे बघितलं. "वाच."

मी पहिली ओळ वाचली. मी मुकी झाले तरी माझी अक्कल गेली असं कुणी समजू नये. अंथरुणातून पंजा वर आला! मी कानाचं वाचलं, पंजा वर. उशीचं वाचलं, पंजा वर. लगेच कुणीतरी उशी काढली, कुणी पेज कढवायला पळालं. भावजयीची ओळ आली तेव्हा मी ती गाळून पुढे गेले.

आत्याबाईंनी मूठ वळली.

"तेही वाचू?" मी घाबरत विचारलं.

पंजा वर.

मी वाचलं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या हसायलाच लागल्या. "जीभ गेली तरी बाईचं टोचणं गेलं नाही!" हसता हसता त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्याच रात्री अंथरूण पडवीत आलं.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांना विचारून चौघांनी खुर्चीला बांबू बांधले आणि आत्याबाईंना किनाऱ्यावर नेलं. मी डाव्या बाजूनं पळत होते. होड्या लागल्या. होडी हाकणाऱ्या एका तांडेलानं लांबूनच सुरमई उचलून दाखवली. पालथा हात. दुसरी दाखवली. पालथा हात. तिसरी दाखवली आणि पंजा वर गेला तसा सगळा किनारा ओरडला. तांडेल म्हणाला, "बाजारात नव्हती फसत, ती आता काय फसणार!"

आत्याबाई त्यानंतर दोन वर्षं जगल्या. थोडे शब्द परत आले, तेही बहुतेक शिव्याच. वाडीतल्या बायका एकेक करून माझ्याकडे यायला लागल्या. एकीला माहेरच्या विहिरीचं पाणी हवं होतं, एकीला अमुक जाऊ खोलीत नको होती. मी सगळ्यांचं लिहिलं.

सासूबाई तेवढ्या आल्या नाहीत. एके दिवशी त्यांनी माझ्यापुढे पाटी आदळली.

"मला अक्षरं शिकव. माझं मी लिहीन. तुला सांगितलं तर भर खोलीत वाचशील."

तो अख्खा पावसाळा त्या चुलीपाशी पाटी खरडत होत्या. काना कुठे, वेलांटी कुठे. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्यांनी कुणाला न विचारता पहिलं वाक्य पुरं केलं. 'मला चहा दोनदा लागतो.' पाटी छातीशी धरून, पिठाच्या हातांनीच, त्या मामंजींना दाखवायला होडीकडे पळत गेल्या.