गिझरचा प्लग

आमच्या कॉलनीतले इलेक्ट्रिशियन काका कोणाच्याही घरी गेले की आधी चालू असलेल्या प्रत्येक प्लगला उलटा हात लावून बघतात, ताप बघावा तसा. तोवर पाणीसुद्धा घेत नाहीत.

त्या दिवशी ते पंख्यासाठी आले होते. मी त्यांना माझा स्मार्ट प्लग दाखवला. आईच्या अंघोळीचा गिझर मी आता अंथरुणातूनच फोनवर लावतो, हे जरा उद्घाटनाच्या सुरात सांगितलं. त्यांनी प्लगला हात लावला आणि झटकन मेन स्विच पाडला.

"भाऊ, हा दहा अँपियरचा हाय, अन् गिझर तीन हजार वॅटचा! मोबाईल हुशार असन तुमचा, पण हा बिचारा जळून राहिला ना."

प्लग मागून वितळला होता. आई टॉवेल घेऊन बाथरूमच्या दारात उभी होती.

"काय झालं गा?" तिने विचारलं.

"काही नाही माय," काका म्हणाले. "प्लग गरम होऊन राहिला होता. भाऊंनी वेळेवर दाखवला, म्हणून बरं झालं."

आईने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. ते खाली मान घालून पिशवीत सोळा अँपियरचं सॉकेट शोधू लागले, आणि मी त्यांच्यासाठी टॉर्च धरला.