कुंपणाबाहेरचं लेकरू

अन्याय झाला तो माझ्या मार्था वहिनीवर आणि तिच्या पहिल्या लेकरावर. हैद्राबादच्या पोलीस ॲक्शननंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, शुभ शुक्रवारी म्हणजे गुड फ्रायडेला, न्याहारीच्या वेळेपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत. तेवढंच ते लेकरू जगलं. हे आधी लिहून ठेवते, कारण वस्तीत हल्ली सांगणारे निघालेत की लेकरू मेलेलंच जन्मलं होतं. मी दारात उभी होते. त्याचं रडणं मी ऐकलंय.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पिंगळी स्टेशनावर उतरून चालत जावं लागतं, एवढं म्हटलं की तिथे राहणाऱ्यांना आणि माझ्यासारख्या तिथून निघालेल्यांना पुरे.

त्याच साली जूनमध्ये मी निघाले. सिकंदराबादच्या मिशन दवाखान्यात नर्सिंग शिकायला जागा मिळाली होती. पिंगळीला गाडी थांबते न थांबते. योसेफदादानं माझी पत्र्याची पेटी आत ढकलली. माय पदर तोंडाशी धरून उभी होती. वहिनीनं स्टेशनावर यायचं कारण नव्हतं, बाळंतपणाचा अशक्तपणा गेला नव्हता, तरी ती एवढी वाट चालत आली होती. गाडी हलल्यावर ती खिडकीबरोबर चालायला लागली आणि म्हणाली, "तिकडं मोठे फादर असत्याल. त्यांना इचार, त्याला आत घ्यायची काई वाट हाय का. लाजू नको. माझं नाव सांग."

मी हो म्हटलं. पुढे मी कुठेही राहिले, काहीही शिकले, तरी त्या प्रश्नाचं उत्तर देणं माझ्याकडे बाकी होतं.

हे पत्रक आपल्याबाहेरच्या कुणाच्या हाती पडलं तर त्याला कळावं म्हणून सांगते. आम्ही कॅथलिक. आम्हाला शिकवलंय की माणूस मेला की लगेच त्याचा निवाडा होतो. धड वागलेला स्वर्गात, पापी नरकात, आणि बहुतेक सगळे मधल्या शुद्धीच्या जागेत. तिथल्यांना आपल्या प्रार्थनेनं, देवळातल्या मिस्सेच्या उपासनेनं उतार पडतो. पण बाप्तिस्म्याआधी गेलेलं लेकरू यातल्या कुठेच जात नाही. त्याच्यासाठी लिंबो. तिथे आग नाही, दुखणं नाही. पण देवाचं दर्शनही नाही, शेवटच्या न्यायानंतरसुद्धा नाही. आपली प्रार्थनाही तिथे पोचत नाही. माय म्हणायची, "हसत असंल ते तिथं. पण देवाचं तोंड न्हाई दिसायचं त्याला, अन् आपलंबी न्हाई." आणि संध्याकाळच्या जपात ती आजोबांचं, आत्याचं, पटकीत गेलेल्या काकांचं नाव घ्यायची. त्याचं घ्यायची नाही. त्याला नावच नव्हतं.

गावातल्या कुणब्यांच्या घरी तान्हं लेकरू गेलं की शेताच्या बांधाला पुरतात. कुणी निवाडा करत नाही. आमच्या आजोबांनी धर्म घेतला नसता तर आम्हीही तसंच केलं असतं. धर्म घेतल्याचं मला वाईट वाटत नाही. ज्या गावानं आम्हाला गावकुसाबाहेर ठेवलं होतं, त्या गावात आमचं म्हणणं ऐकून घेणारा पहिला माणूस फादरच होता. पण म्हणूनच पुढचं लिहावं लागतंय.

त्या शुक्रवारी फादर जालन्याकडे होते, पवित्र आठवड्याची सगळी प्रार्थना मोठ्या देवळात असते म्हणून. वस्तीत होते ते मास्तर. फादर नसताना प्रार्थना घेणारे, पोरांकडून धर्माची प्रश्नोत्तरं पाठ करून घेणारे. लेकरू निळं पडायला लागलं तसा दादा त्यांच्याकडे धावला. मास्तर आले, उंबऱ्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "फादरला बोलावणं धाडा. बाप्तिस्मा फादरच करत्यात." दादा दुसऱ्याची सायकल घेऊन स्टेशनाकडे गेला. गाडीची वेळ निघून गेली होती. तो परत यायच्या आत सगळं संपलं.

बाळंतपण सखूमावशीनं केलं होतं. ती आमच्याच भावकीतली, पण तिच्या घरानं धर्म घेतला नव्हता. ती मास्तरांना म्हणाली, "काय करायचं ते करा की तुमी, हुभं का राहिलाव?"

संध्याकाळी लेकरू पुरलं. कबरस्तानात नाही. कबरस्तानाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण आहे, त्याच्या बाहेर, नाल्याच्या बाजूला. आतली जमीन आशीर्वाद दिलेली, तिथे बाप्तिस्मा झालेलेच. पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर राहिलेल्या आम्ही आमचं लेकरू आमच्याबाहेर ठेवलं, आणि त्या दिवशी कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. माझ्याही नाही.

सिकंदराबादला पहिले महिने मी गप्प होते. तेलुगू येत नव्हतं, दख्खनी तेवढी तोंडओळखीची. हॉस्टेलात चाळीस खाटा, ड्यूटीची घंटा, मेट्रन, ट्रे, स्पिरिटचा वास. पाण्याला नीळ्ळू म्हणायचं हे पेशंटांनी शिकवलं. घरी माय ज्या गोष्टी हळू आवाजात बोलायची, त्या इथे सिस्टर फळ्यावर लिहून शिकवायच्या.

आणि एका सकाळी बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टरनं आम्हा नव्या मुलींना उभं केलं आणि सांगितलं, लेकरू जाणार असं दिसलं तर कुणाची वाट बघायची नाही. साधं पाणी घ्या, कपाळावरून वाहू द्या, आणि म्हणा, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुझा बाप्तिस्मा करते. झाला. फादर लागत नाही. कॅथलिकसुद्धा लागत नाही. हिंदू आया, मुसलमान दाई, कुणीही. चर्च जे करतं तेच करायचं एवढं मनात असलं की पुरे.

बरोबरीच्या मुली लिहून घेत होत्या. मी विचारलं, "सिस्टर, हे नवीन निघालंय का?"

"नवीन?" त्या म्हणाल्या. "शेकडो वर्षांचं आहे. तुमच्या गावात शिकवणारे कुणी नाहीत का?"

होते ना. उंबऱ्याशी उभे होते.

तेव्हापासून मला संशयाची सवय लागली, ती गेलेली नाही. पुढे मी दवाखान्यातल्या आयांच्या संघटनेत गेले, ड्यूटीच्या तासांसाठी पत्रकं लिहिली, मोर्च्यात घसा बसवला. लोक म्हणतात, ही पोरगी सरळ बोलत नाही, आरोपच करते. जो माणूस म्हणतो "हे असंच असतं", त्याला मी विचारते, कुणी सांगितलं आणि कुणापासून लपवलं. ही सवय मला संघटनेनं लावली नाही. त्या सकाळी वॉर्डात लागली.

पहिल्या नाताळाच्या रजेत गावी गेले आणि बॅग न ठेवता मास्तरांकडे गेले. ते अंगणात दोर वळत बसले होते. मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं का?"

त्यांनी कशाचं म्हणून विचारलं नाही. म्हणाले, "व्हतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते तसंच लिहिते. आधीच्या साली शेजारच्या गावात एक लेकरू आकडी येऊन पडलं होतं, आमच्या माणसांपैकी नव्हे. मास्तर वाटेनं चालले होते, त्यांना दया आली, त्यांनी पाणी घातलं. आणि ते लेकरू जगलं. चार दिवसांनी त्याचे चुलते काठ्या घेऊन वस्तीत आले, आमचं लेकरू बाटवलं म्हणून. रझाकारी नुकती संपलेली, जो तो दुसऱ्याकडे बघून दात खायचा. फादरनी मास्तरांना बोलावून सांगितलं, मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

"ते परक्याचं लेकरू होतं," मी म्हटलं. "हे योसेफचं होतं. इथे कोण काठी घेऊन येणार होतं?"

"कोन न्हाई," मास्तर म्हणाले. "तवा मला ते सुचलंच न्हाई, बाई. हातच उचलंना माझा."

"आणि बायकांना तरी का नाही शिकवलंत? सखूमावशीनं घातलं असतं पाणी."

"तुमी बाया दिसंल त्या लेकरावर पाणी घालत सुटला असताव. मग काठ्या न्हाई, आगच आली असती वस्तीवर."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला का? अर्धा. माणूस घाबरतो हे मला पटतं. पण स्वतःच्या भीतीपायी आख्ख्या वस्तीला अडाणी ठेवतो, ते मला पटत नाही, आजही नाही. तोच दोर वळत त्यांनी नंतर आठ वर्षं पोरांकडून प्रश्नोत्तरं पाठ करून घेतली, आणि तो एक प्रश्न गाळत राहिले.

वहिनीला मी सगळं सांगितलं. ती रडली नाही. तिनं मला बाप्तिस्म्याची ती ओळ पुन्हा पुन्हा म्हणायला लावली, आणि स्वतः पाठ केली. पुढे तिला दोन मुली झाल्या. दोन्ही वेळी तिनं उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि कळा सोसता सोसता सखूमावशीची उजळणी घेतली. सखूमावशी वैतागायची. "पिता झाला, पुत्र झाला, तिसरा कोन तुमचा? मला मेलीला एक देव ध्यानात राहत न्हाई, तुमी तीन तीन सांगायलाव." वहिनी म्हणायची, "पुन्हा म्हना." मावशी म्हणायची, "आगं आधी डोकं बाहेर येऊ दे लेकराचं." दोघी पोरी धडधाकट आहेत, आणि सखूमावशीला ती ओळ अजून येते.

पण वहिनीचा मूळ प्रश्न तसाच होता. म्हणून मी फादरकडे गेले. फादर परदेशी, म्हातारे, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलणारे. मी विचारलं, लिंबो मानलंच पाहिजे का? ते म्हणाले, "विद्वानांची ती शिकवण आहे. परंतु श्रद्धेचा बंधनकारक भाग म्हणून चर्चने ती कधी घोषित केलेली नाही."

मी म्हटलं, "फादर, जे बंधनकारक नाही, त्याच्यापायी माझा भाचा कुंपणाबाहेर का आहे?"

ते म्हणाले, "लिंबोमुळे नव्हे. तो नियम वेगळा आहे. आशीर्वादित भूमीत बाप्तिस्मा झालेल्यांनाच पुरावे."

"मग भूमी कुठवर आशीर्वादित आहे?"

तेव्हा त्यांनी सांगितलं, आणि माझा कानावर विश्वास बसेना. "मी प्रथम आलो तेव्हा तुमच्या लोकांनी शेळ्या शिरू नयेत म्हणून काट्यांचे कुंपण घातलेले होते. जिथवर कुंपण, तिथवर मी पवित्र जल शिंपडले. मृतांच्या दिवशी दरवर्षी तेच करतो. कुंपण मी घालत नाही, मुली. मी फक्त कुंपणापर्यंत चालतो."

आणि ते उठून आत गेले.

त्यांनी मला वाट दाखवली की हात झटकले, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नियम तर त्यांनी तोंडानं सांगितला, मग कुंपणाचं का सांगितलं? मला संशय आहे की त्यांनी दोन्ही केलं. पण एक गोष्ट पक्की कळली. ज्या रेघेनं वहिनीचं लेकरू बाहेर पडलं, ती रेघ आमच्याच बाप-आज्यांनी शेळ्यांसाठी ओढलेली आहे.

हे वस्तीत सांगितलं तेव्हा जुनी माणसं उखडली. आज हे लेकरू घेताल, उद्या विहिरीत उडी टाकून जीव दिलेल्या बाईला घेताल, म्हणाले. मी म्हटलं, तिचंही बोलू, पण एका वेळी एक. इकडे संघटनेतले माझे सोबती वेगळंच म्हणतात. माती सगळीकडे सारखीच, आत काय नि बाहेर काय, हे खूळ सोड. त्यांचं मला जास्त लागतं. माती सारखी असेल तर काटे हलवायला तुमचं काय जातं? मी स्वतः लिंबो मानते की नाही ते मला विचारू नका, मलाच ठाऊक नाही. वहिनी मानते. दरवर्षी मृतांच्या दिवशी सगळ्या कबरींवर पणत्या लागतात, फादर कुंपणापर्यंत चालतात आणि वळतात, आणि ती त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहते.

आता आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला. मी हैद्राबादच्या बाजूला राहिले. इथे मला खोली आहे, पगार आहे, मैत्रिणी आहेत. तेलुगूत भांडतासुद्धा येतं. कुणी घर कुठे म्हणून विचारलं की पूर्वी मी पिंगळीच्या पलीकडे असं सांगायचे. आता सांगताना अडखळते. जिथे आपली माणसं पुरली ते घर, असं माय म्हणते. मग ज्या घरचं एक माणूस बाहेर पुरलंय, त्या घरात मी पूर्ण आत आहे असं कसं म्हणू?

वस्तीत राहणाऱ्यांनो, आणि मनमाडला, मुंबईला, इथे पोटासाठी आलेल्यांनो, तुम्हा सगळ्यांना सांगते. नोव्हेंबरच्या दोन तारखेला मृतांचा दिवस आहे. फादर सकाळी येतील. एक तारखेला दुपारपर्यंत कबरस्तानावर या. नाल्याच्या बाजूची बाभळीच्या काटेरी फांद्यांची ओळ उपटायची आहे आणि वीस पावलं पुढे, लेकराच्या पलीकडे, नेऊन रोवायची आहे. मी येणार आहे, दादा येणार आहे, सखूमावशी येते म्हणालीय. एवढ्यांनी काम होईल. पण चार माणसांनी हलवलेलं कुंपण जुनी माणसं संध्याकाळी परत जागेवर आणतील, आणि वस्तीनं हलवलेलं आणणार नाहीत. म्हणून तुम्ही या. पटत नसेल तरी या, आणि माझ्याशी तिथे भांडा, हातात फांदी धरून.