खिडकीसमोरचा क्यू

सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर पाटी आहे, 'कृपया क्यूमध्ये उभे राहा'. क्यू म्हणजे एकामागे एक उभी असलेली माणसं, असा अर्थ मी शाळेत पाठ केला होता. सकाळी गेलो तर तिथं एकही माणूस उभा नव्हता. खिडकी उघडायला अजून तासभर होता. फरशीवर एक चप्पल, तिच्यामागे पाण्याची बाटली, लाल पिशवी, विटेचा तुकडा आणि शेवटी मी ठेवलेली फाइल. बाकीच्या वस्तूंचे मालक समोरच्या कडुनिंबाखाली बसलेले, कुणी तापानं फणफणलेलं, कुणी गुडघे दाबत.

झाडूवाल्या मावशी आल्या. त्यांनी एकेक वस्तू उचलली, खालची फरशी झाडली आणि वस्तू होती तिथंच परत ठेवली. विटेचा तुकडासुद्धा.

"मावशी, ही वीट कुणाची हो?"

"कुणाची का असंना. नंबर आहे तो कुणाचा तरी."

मघाशी कुणाचं लक्ष नाही असं पाहून फाइल त्या विटेपुढे सरकवावी, असं माझ्या मनात येऊन गेलं होतं. मावशी पुढे गेल्यावर मी वाकलो आणि फाइल आणखी चार बोटं मागे घेतली.